रेस दिली की दबते

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माझा सख्खा थोरला भाऊ. दादा कधी खोटं बोलत नाही, असं मी म्हणणार नाही. गॅरेजवाला आहे तो. "उद्या संध्याकाळी या, गाडी तयार ठेवतो," असं रोज चार माणसांना सांगतो. पण हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातला पाना पुसत राहिला.

पाना स्वच्छच होता.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार. तीन वाजायला दहा कमी. अर्ध्या शटरखालून ऊन आत आलेलं.

पण त्याच्या पाच महिने आधीची एक दुपार अगोदर सांगायला हवी.

पलीकडच्या गल्लीत चष्म्याचं दुकान असलेले चष्मेवाले त्यांची जुनी मोटरसायकल घेऊन आले होते. कार्बोरेटर साफ करायला. दादाने केला. आणि पेट्रोल जरा कमी प्यावं म्हणून आतल्या सुईची क्लिप एक खाच वर सरकवली. कुणी सांगितलं नव्हतं. दादाचा आगाऊपणा.

गाडी सुरू झाली. पण रेस दिली की दबायची. घशात घास अडकल्यासारखी, क्षणभर. मग उचलायची.

"भाऊ, घुटमळतेय का जरा?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

दादाला कारण माहीत होतं. क्लिप पुन्हा खाली आणायची, वीस मिनिटांचं काम. पण तो कार्बोरेटर त्या दिवशी दोनदा काढून बसवून झाला होता. हात विटले होते. जेवणाचा डबा उघडून ठेवलेला.

"चालवा दोन-चार दिवस. आपोआप सेट होईल."

आपोआप काहीही सेट होत नाही. दादाइतकं हे कुणाला ठाऊक असणार?

चष्मेवाले बरं म्हणाले आणि गेले.

दादाने पहिला घास तोंडात घातला, आणि मोठ्या रस्त्यावरून ब्रेकचा आवाज आला. लांबच लांब...

मग काहीच नाही.

पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर पोलिसांना म्हणाला, "मी हॉर्न देत होतो. तो माणूस रस्त्याच्या मधोमध आला आणि थांबला. आपणहून."

आपणहून... तो शब्द संध्याकाळपर्यंत घरोघरी पोचला. घरात काही बिनसलं असेल, लोक हळू आवाजात म्हणायचे. दादाच्या गॅरेजातही म्हणायचे. दादा ऐकून घ्यायचा.

आणि पुढचा नट पिळायचा.

पाच महिन्यांनी चष्मेवाल्यांची बायको ती गाडी स्वतः ढकलत घेऊन आली. दिवा फुटलेला, हँडल वाकलेलं, बाकी धड.

"चालू करून द्या, भाऊ. मी शिकणार आहे."

"तुम्ही, वहिनी?"

"का? आम्ही नुसती ढकलायचीच का?"

दादा हसला. वहिनी हसल्या नाहीत.

"एक विचारते. शेवटचं ते तुमच्याशी बोलले. उदास होते का हो? सकाळी मी त्यांना टोचून बोलले होते. शर्टाच्या बटणावरून. बटणावरून कुणी असं करतं का, भाऊ?"

तेव्हाच सांगायला हवं होतं.

"काय सांगता येतं, वहिनी," दादा म्हणाला. तेही गाडीकडे बघत.

वहिनी कोपऱ्यावरून वळल्या आणि दादाने आधी कार्बोरेटर खोलला. क्लिप वरच्याच खाचेत होती. त्याने ती खाली आणली. चोरासारखी, दाराकडे पाठ करून.

मग गाडी सुरू केली. रेस दिली.

दबली.

दादाने जेट फुंकले. प्लग बदलला. फिल्टर झटकला, टाकीचा नळ खोलून धुतला, रेसची तारही नवी टाकली. रेस दिली.

दबली... तशीच. क्षणभर.

इंजिन कुठून हवा ओढतंय का हे शोधायची एक जुनी रीत आहे. पेट्रोलच्या पाइपचा हातभर तुकडा घ्यायचा. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरभोवती फिरवायचं. फट असेल तिथे फुसफुस ऐकू येते.

तिसऱ्या दुपारी दादा ती नळी लावून उकिडवा बसला. फुसफुस कुठेच नव्हती. कंटाळून त्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढून हातात घेतली.

नळी कानालाच होती...

आणि नळीत इंजिन चालू होतं.

त्याने नळी काढली. गॅरेज शांत. सायलेन्सर तापून टिकटिकत होता, तेवढाच आवाज. पुन्हा लावली.

गियर पडला. चाकाखाली खडी करकरली. वेग कमी झाला, वळणावर होतो तसा. लांबून हॉर्न...

मग रेस दिल्याचा आवाज. इंजिन दबलं.

आणि अगदी कानाशी, हळूच, गाडीला लाडीगोडी लावल्यासारखा चष्मेवाल्यांचा आवाज.

"घे... घे ना गं, बाई."

पुढे काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तेच. किल्ली दादाच्या खिशात, टाकी रिकामी केलेली. तरी तेच. घे ना गं, बाई.

हा माणूस थांबला नव्हता. त्याला पलीकडे जायचं होतं.

इतके महिने दादा स्वतःशी म्हणत आला होता, कशावरून क्लिपमुळेच? आता तीही सोय उरली नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी त्याने वहिनींना बोलावून घेतलं. बसायला स्टूल दिलं आणि सगळं सांगितलं. क्लिप, खाच, डबा, आपोआप सेट होईल. आपण काल-परवा काय ऐकलं, तेही. सांगताना त्याने हात काखेत धरून ठेवले होते.

वहिनी स्टुलावरून उठल्या.

"पाच महिने," एवढंच म्हणाल्या. "पाच महिने मी ते बटण उशाशी घेऊन निजतेय."

दादाने मान वर केली नाही.

"द्या ती नळी."

त्या पदर खोचून खाली बसल्या. दादाने जागा दाखवली. तीनला दहा कमी.

त्यांचा चेहरा आधी कोरा होता. मग डोळे मिटले. दादा मनात मोजत होता... गियर... खडी... हॉर्न... घे ना. संपलं असणार आता.

वहिनींनी नळी काढली नाही.

एक मिनिट. पाच मिनिटं. एकदा त्या किंचित हसल्या. एकदा "हो," म्हणाल्या, कुणी समोर बसून विचारावं तशा. मग त्यांनी डोळे उघडले आणि थेट दादाकडे बघितलं. नळी कानालाच. दादा म्हणतो, तसं त्याच्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

शेवटी त्यांनी नळी गाडीच्या सीटवर ठेवली.

"तुम्हाला कुठवर ऐकू आलं?"

"घे ना गं, बाई. तिथवर."

"त्याच्यापुढेही आहे."

"काय आहे, वहिनी?"

"बरंच आहे." त्या उठल्या, गुडघ्यावरची धूळ झटकली. "तुमच्याबद्दलही आहे."

दादाने पुन्हा विचारलं. त्यांनी हँडल धरलं आणि गाडी ढकलत बाहेर नेली.

त्यानंतर ती गाडी एकदाही दबली नाही. वहिनी महिनाभरात शिकल्या. चष्म्याचं दुकान आता त्याच बघतात, दुपारी जेवायला घरी जातात, दादाच्या दारावरूनच. मान हलवून नमस्कारही करतात.

दादा रोज शटरपाशी येऊन उभा राहतो. आज विचारू, म्हणतो. तोंडही उघडतो.

तेवढ्यात वहिनी रेस देतात. गाडी एका दमात उचलते आणि निघून जाते.