कोंडपाड्याची अनोळखी वाट

ग्रामीण रुग्णालयाच्या मागे पत्र्याची एक लांबलचक शेड होती, आणि तीच प्रयोगशाळा होती. मोटारसायकल थेट टेबलापर्यंत आणता येते, एवढंच तिचं वैभव. त्या सकाळी मैना भांगरे गाडीवर बसूनच हँडलवर मोबाईल बसवून घेत होती. पाठीला थंड पेटी बांधलेली होती, आणि पेटीत सर्पदंशावरच्या लसीच्या दहा बाटल्या होत्या.

कोंडपाड्याच्या ठकूबाईला सात वाजता घोणस चावली होती. तिला अजिबात हलवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गावच्या उपकेंद्रात टोचायला परिचारिका होती, पण लस संपली होती. अकराच्या आत पेटी पोचायला हवी होती, आणि आता नऊ वाजून गेले होते.

सूर्यावर उठलेल्या वादळाने उपग्रह तीन दिवस मुके झाले होते, त्यामुळे मोबाईलवरचा नेहमीचा नकाशा बंद होता. पठारावर चार हातांपलीकडचं दिसणार नाही असं धुकं होतं. वाट पाठ असलेला जुना गाडीवाला लहानू पाय मोडून घरी पडला होता, आणि मैना नोकरीवर येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते.

“सर, उपग्रह नाही, तर हा मोबाईल मला वाट दाखवणार कसा?” तिने विचारलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. विश्राम नाईकवाडींनी चष्मा कपाळावर चढवला. “अंधारात तू आपल्या घरात चालतेस ना? पायाला उंबरा लागला की कळतं, स्वयंपाकघर आलं. तसंच हे. प्रत्येक रस्त्याचे खड्डे वेगळे, त्यांचा क्रम वेगळा. लहानूने वर्षभर सगळ्या वाटा फिरून त्यांचे धक्के नोंदवले. कंपनांचा नकाशा, म्हणून हा आपला कंपनकाशा. मोबाईलला पन्नास मीटरचे धक्के बसले, की तो सांगतो तू कुठे आहेस.”

“मी हळू गेले तर? धक्के लांब लांब पडतील.”

“शाब्बास! हाच प्रश्न आम्हाला सहा महिने पुरला.” ते खुलले. “एकाच खड्ड्यात पुढचं चाक आधी जातं, मागचं नंतर. दोन चाकांमधलं अंतर ठाऊक आहे. दोन धक्क्यांमधला वेळ मोजला, की वेग कळलाच.”

संगणकावरून रेहाना तांबोळीने मान वर केली. कंपनकाशाचा प्रोग्राम तिने लिहिला होता. “एक लक्षात ठेव, मैना. खड्डा चुकवायचा नाही. सरळ घालायची.”

“ताई, गाडी शिकवताना मी खड्डे चुकवले नाहीत म्हणून दादाने पाठीत धपाटे घातले होते!”

“त्याला सांग, आता सरकारी परवानगी आहे,” रेहाना म्हणाली. “निघ.”

घाट चढताना मैनाची हाडं खिळखिळी झाली, पण मोबाईल पक्का होता. “पुढे डावं वळण,” तो म्हणे, आणि धुक्यातून वळण खरोखर पुढ्यात येई. पहिल्याच वळणानंतर फोनची रेंज गेली, तरी त्याचं काही अडलं नाही. तासाभरात ती पठारावरच्या तिठ्यावर पोचली. तिथून पुढे तीन वाटा फुटत होत्या.

“मधली वाट धरा,” मोबाईल म्हणाला.

तिने मधली धरली. पन्नास मीटर, शंभर मीटर. धक्के थांबले. गाडी मऊ, गुळगुळीत चालली होती.

“ओळख पटत नाही. तुम्ही रस्त्यावर नाही. थांबा.”

मैनाने करकचून ब्रेक दाबला. पठारावर मैल मैल सपाट कातळ पसरला होता, आणि तो जिथे संपतो तिथे आठशे फुटांचा कडा होता. आपण वाट सोडून कातळावर आलो की काय? ती गाडी ढकलत तिठ्यावर आली. डावी वाट धरली. दणादण खड्डे. “ही जुन्या खाणीची वाट. मागे फिरा.” उजवी धरली. “ही धनगरवाड्याची वाट. मागे फिरा.”

ती पुन्हा तिठ्यावर उभी राहिली. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिने मोबाईल बंद केला नाही, पण आता ती स्वतः विचार करू लागली.

मोबाईलला जागा ओळखता येत नाही, याचे अर्थ दोनच. एक तर तिथे वाट कधी नव्हतीच. नाहीतर वाट आहे, पण लहानूच्या फेरीनंतर बदलली आहे. पाऊस वाट बदलतो, पण तो खड्डे वाढवतो, बुजवत नाही. बुजवतात ती माणसं. आणि कातळ असेल तर तो हाताला कळेल.

ती मधल्या वाटेवर पायी गेली, गुडघ्यांवर बसली आणि तळवा टेकवला. ओला मुरूम होता, चोपून बसवलेला. त्यात अनवाणी पावलांचे ठसे होते, अजून पाण्याने न भरलेले.

मैनाने गाडीला किक मारली. “तुम्ही रस्त्यावर नाही, थांबा,” मोबाईल ओरडत राहिला. “तू गप रे बाबा,” ती म्हणाली, आणि दीड किलोमीटर ती त्याच्याशी भांडत गेली. साडेदहाला धुक्यातून उपकेंद्राचा पांढरा खांब पुढे आला.

परिचारिकेने पेटी हातातून जवळजवळ हिसकावलीच. दुपारी दोनपर्यंत ठकूबाईच्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबलं, आणि तिने पहिलं काय विचारलं, तर म्हशीला पाणी पाजलं का.

सरपंच रखमाजी गभाले चिखलाने माखलेले होते. “कसा काय झाला रस्ता, ताई? सकाळपासून साठ माणसं लावली. औषधाच्या बाटल्या फुटायला नकोत म्हणून सगळे खड्डे बुजवले!”

“झकास झाला,” मैना म्हणाली. “पण काका, तिठ्यावर एक माणूस उभा केला असता तर?”

“पूर्वी करायचो की. डॉक्टर यायचे तेव्हा माणूस थाळी वाजवत उभा असायचा. आता मोबाईलला सगळं कळतं, म्हणून त्यालाही घमेलं दिलं.” मग त्यांना काय घडलं ते समजलं आणि ते कावरेबावरे झाले. “अरे देवा! मग खड्डे परत पाडू का?”

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये रेहानाने परतीच्या फेरीची नोंद पडद्यावर लावली. कोंडपाड्याच्या जागी एक सपाट रेघ होती.

“सर, यात ओळखण्यासारखं काही नाहीच. नोंदवू काय?”

“सपाट रेघच नोंदव,” नाईकवाडी म्हणाले. “सगळ्या तालुक्यात एवढी एकच वाट आहे, जिला खड्डा नाही. यापेक्षा पक्की ओळख कोणती?”

“आणि दुसऱ्या गावाने रस्ता नीट केला तर?”

“तर दोन वाटा सारख्या होतील. मग चार, मग चाळीस. सगळे रस्ते नीट झाले, की आपला कंपनकाशा कोरा.”

“म्हणजे आपला शोध बाद!”

“अगदी बाद,” नाईकवाडी आनंदाने म्हणाले.

तेवढ्यात मैना दारात आली. पलीकडच्या खोऱ्यातल्या तीन गावांनी कोंडपाड्याची गोष्ट ऐकून मुरूम टाकायला घेतला होता, आणि नवी नोंद घ्यायला गाडी कधी येणार, असं ती गावं विचारत होती.


“त्यांना कळव,” डॉ. नाईकवाडी म्हणाले, “तिठ्यावर थाळीवाला उभा ठेवा म्हणावं. आम्ही मागे पडतोय.”