चाळीस खुर्च्यांची लाँच

सन २०४१ मध्ये कांदळ्याच्या खाडीत एक कोडं तरंगत होतं. चाळीस खुर्च्यांची पांढरीशुभ्र लाँच रोज आठला सुटायची आणि तिच्यात प्रवासी एकच: दहा वर्षांची मिथिला. शेजारच्या खुर्चीवर तिचं दप्तर, सोबत तेवढीच. अख्खा गाव मात्र धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला खोकत डिझेलच्या होडीची वाट पाही. त्या होडीचा धूर असा, की त्यातून गेलेले बगळे पैलतीरी कावळे होऊन उतरत.

लाँच बनवली होती मिथिलेच्या शास्त्रज्ञ आजोबांनी. इंजिन हायड्रोजनचं.

"शनिवारपर्यंत कुणी चढलं नाही, तर लाँच शहरात परत," आजोबा म्हणाले. "तिच्याबरोबर मीही."

मिथिलेनं दप्तर जवळ ओढलं. "लोक कशाला घाबरतात?"

"हायड्रोजन बॉम्बला. पण बॉम्बसाठी सूर्याच्या पोटातली उष्णता लागते. इथं हायड्रोजन नुसता जळतो. प्राणवायूशी (ऑक्सिजनशी) जुळतो, ऊर्जा देतो आणि त्याचं पाणी होतं."

"आणि येतो कुठून?"

"पाण्यातूनच. खाडीचं पाणी गोडं करायचं, मग सौरविजेनं विद्युत अपघटन (विजेनं पाण्याचे घटक वेगळे करणं). तेलासाठी परदेशाच्या तोंडाकडे बघायला नको. तीन सभांत सांगितलं मी हे."

"चंद्राकाकीला बोलावलंत?"

आजोबांनी कपाळाला हात लावला. कांदळ्यात नव्या होडीत पहिलं पाऊल तांडेलांच्या, म्हणजे चंद्राकाकीच्या घरचं. आजोबांनी सगळं मोजलं होतं, हा मान तेवढा द्यायचा राहिला.

संध्याकाळी मिथिला नारळ घेऊन गेली. चंद्राकाकी तांडेल एकटीच जाळं विणत होती.

"चाळीस वर्षं होडी वल्हवली गो मी. कुणी विचारलं नाही."

"मी विचारायला आलेय."

"पेटली म्हणजे?"

"डिझेल सांडलं तर पायाशी साचतं. हायड्रोजन सगळ्यात हलका, गळला तर वर पळतो. म्हणून टाक्या छपरावर, उघड्यावर. पेटू शकतो, म्हणून गळतीची घंटाही आहे."

"खोटं नाही बोललीस," काकी म्हणाली.

शनिवारी ती नवं लुगडं नेसून आली. धुराच्या नळीखाली तिनं तळवा धरला. थेंब पडले.

"इंजिनाला घाम येतो की," म्हणत तिनं उजवं पाऊल आत टाकलं आणि मिथिलेपाशी थांबली. "दप्तर मांडीवर घे. मी कुठं बसू?"

धक्क्यावर कुजबुज झाली. मग एक टोपली चढली, मग तीन, मग रांगच. डिझेलची होडी रिकामीच खोकत राहिली.

मिथिला खाडीकडे बघत होती. एवढ्या पाण्यावर आणखी काय काय चालेल? शेजारी काकी बसली होती, मांडीवरचं दप्तर जड होतं. तिनं ते घट्ट धरलं.