हार्लनची टकटक

दोघांचेही हात भरलेले होते, म्हणून तर ओळख झाली.

एल्डर गॅपच्या मेथडिस्ट चर्चचं मागचं दार बंद होतं. लॉरेल टॉलिव्हरच्या हातांत नारळाचा तीन थरांचा केक होता. तिच्याशेजारी पायरीवर येऊन उभ्या राहिलेल्या उंच, अनोळखी माणसाने फिल्मच्या रिळांचे चार पत्र्याचे डबे छातीशी कवटाळले होते, आणि सगळ्यात वरचा डबा हनुवटीने दाबून धरला होता. सप्टेंबरातली भुरभुर पडत होती… छत्री उघडावी इतकी जास्त नाही, आणि विसरून जावी इतकी कमीही नाही.

"आधी तुम्ही," तो म्हणाला. हनुवटी न हलवता बोलणं म्हणजे कसरतच होती.

"माझी ना नाही. दाराची आहे."

"डेलबर्टने अशा वेळी खेचराला हाक मारली असती."

लॉरेलने चमकून पाहिलं. म्हणजे हाही त्या जुन्या टीव्ही मालिकेचा चाहता! "सिनेटरला? त्याने सात वर्षांत एकदाच दार उघडलं, तेही लाथेने."

"दोनदा. दुसऱ्या वेळी डोक्याने."

"दुसऱ्या वेळी दार उघडंच होतं," ती शांतपणे म्हणाली. "खेचराने नुसतं श्रेय घेतलं."

तो हसला, आणि तिथेच घोटाळा झाला. वरचा डबा घसरला, लॉरेलने तो कोपराने अडवला, केक कलंडला, आणि पांढऱ्याशुभ्र साखरेच्या लेपाचा एक गोळा त्याच्या बाहीवर जाऊन बसला. तेवढ्यात आतून दार उघडलं आणि मिस युडोरा म्हणाल्या, की पंच महाशय, तुमचीच वाट बघतोय आम्ही, आणि हे बाहीला काय लावून आलात?

पंच… लॉरेल मनात म्हणाली. म्हणजे प्रश्नमंजुषेच्या पंचालाच आपण खेचराचा धडा शिकवला.

'कार्व्हर्स बेंड' ही मालिका बंद होऊन पन्नासाहून अधिक वर्षं उलटली होती, पण एल्डर गॅपमध्ये ती अजून जिवंत होती. एक टीचभर गाव, गावात पोस्ट, पोस्टात डेलबर्ट नावाचा लाजरा टपालवाला, त्याचं सिनेटर नावाचं खेचर, आणि समोरच्या घरात टेलिफोन जोडून देणारी मिस ओलेटा. डेलबर्ट सात वर्षं मिस ओलेटाला मागणी घालायचं म्हणत होता आणि सात वर्षं काही ना काही आडवं येत होतं. मालिकेच्या चाहत्यांचं मंडळ दर सप्टेंबरात चर्चच्या तळघरात जमायचं. जुने भाग पाहायचे, चिकन-डम्पलिंग खायचे, आणि मग प्रश्नमंजूषा. पोस्टातलं घड्याळ किती वाजता बंद पडलं होतं? डेलबर्टच्या कोटाला कितवं बटण नव्हतं? मिस युडोरांनी सांभाळलेलं मंडळाचं एक जाड वहीवजा पुस्तक होतं, त्यात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहिलेलं. नियम एकच — पडद्यावर दिसलं तेच खरं.

आणि या मंडळात एक म्हण होती. कुणी न घडलेला प्रसंग आठवून सांगू लागलं, की बाकीचे हसून म्हणायचे, ही बघा, हार्लनची टकटक.

हार्लन टॉलिव्हर म्हणजे लॉरेलचे वडील.

मालिकेचा शेवटचा भाग ते आठ वर्षांचे असताना लागला होता. त्यात डेलबर्ट मिस ओलेटाच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवतो आणि निघून जातो. बस, तिथे गोष्ट संपते. पण हार्लन जन्मभर सांगत राहिले, की नाही, तो परत आला. मी पाहिलं. परत आला आणि दारावर दोनदा वाजवलं. लोक हसायचे. हार्लनही हसायचे, पण शब्द मागे घ्यायचे नाहीत. स्वतःच्या घरी येतानासुद्धा ते कुलूप न उघडता दारावर दोनदा वाजवायचे… टक, टक… आणि लॉरेलची आई स्वयंपाकघरातून ओरडायची, की डेलबर्ट आला ग, दार उघड.

दोन हिवाळ्यांपूर्वी हार्लन गेले. म्हण मागे राहिली. प्रेमानेच म्हणायचे सगळे, पण दर वेळी लॉरेलच्या काळजात बारीकसं काही टोचायचं.

त्या दिवशी प्रश्नमंजुषेत ती शेवटपर्यंत टिकली. तिची आणि एका म्हाताऱ्या दंतवैद्याची बरोबरी झाली. पंच थॅड शूमेट यांनी — डोंगरापलीकडे व्हर्जिनियात त्यांचं जुनी प्रोजेक्टर-यंत्रं दुरुस्त करण्याचं दुकान होतं — बरोबरी सोडवणारा प्रश्न पाकिटातून काढला, वाचला, आणि सगळ्या माना लॉरेलकडे वळल्या.

चिठ्ठी सरकवल्यावर डेलबर्ट काय करतो?

पुस्तकातलं उत्तर लॉरेलला पाठ होतं. निघून जातो. दोन शब्द, आणि चषक तिचा. पण ती रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायची, आणि कोंबडा आरवायच्या आत आपल्या माणसाला, येशूला, नाकारणाऱ्या पेत्राची गोष्ट दर वसंतात सांगायची. ज्या तोंडाने ती गोष्ट सांगायची, त्याच तोंडाने…

"तो परत येतो," ती म्हणाली. आवाज मऊ होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "आणि दारावर दोनदा वाजवतो."

हशा पिकला. वाईट नव्हता तो हशा, आपल्या माणसांचाच होता. थॅड मात्र हसला नाही. त्याने पुस्तकात पाहिलं, मग तिच्याकडे, आणि खालच्या आवाजात उत्तर चूक ठरवलं. पंच दुसरं काय करणार?

बरोबरीत हरणाऱ्याने भांडी घासायची, हा मंडळाचा जुना रिवाज. लॉरेलने बाह्या सरसावल्या. तिसरी ताटली धुऊन होते न होते तोच शेजारी कुणी तरी फडकं घेऊन उभं राहिलं. बाहीवरचा साखरेचा डाग अजून तसाच होता.

"पंचाला भांडी पुसायची परवानगी आहे का?" त्याने विचारलं.

"पुस्तकात पाहा."

"तुम्हाला खरं उत्तर माहीत होतं."

"मी खरंच उत्तर दिलं."

त्याने ताटली हवी त्याहून बराच वेळ पुसली. मग सांगू लागला, की पुनःप्रक्षेपणात प्रत्येक भागाची तीन-तीन मिनिटं कापलेली असतात, जाहिरातींना जागा हवी म्हणून. मंडळाने आजवर पाहिलं ते सगळं कापलेलंच. मूळची, अख्खी रिळं बंद पडलेल्या टीव्ही केंद्रांच्या अडगळीत कुठे कुठे सापडतात. शेवटच्या भागाचं त्याच्याकडे नव्हतं. "पण मी शोधीन," तो म्हणाला. "सापडलं, तर जे असेल ते सांगेन. तुम्हाला आवडो न आवडो."

"तेच हवंय," लॉरेल म्हणाली, आणि पुढची ताटली त्याच्या हातात दिली.

मग सोमवार सुरू झाले. दर सोमवारी आपलं चष्म्याचं दुकान बंद करून लॉरेल नाक्यावरच्या खाणावळीत जायची, आणि चाळीस मैल गाडी हाकत थॅड यायचा — शोध कुठवर आला ते सांगायला. ते फोनवरही सांगता आलं असतं. दोघांपैकी कुणीच तसं सुचवलं नाही. ऑक्टोबरात केंटकीतल्या एका गोदामाने निराश केलं, डिसेंबरात एका लिलावाने. शोधाचं बोलणं पाच मिनिटांत आटपायचं, मग दोन तास डेलबर्टच्या बटणांवरून वाद चालायचा. तो हरला, की चष्मा काढून पुसायचा. दांडी सैल झालीय असं सांगून एकदा लॉरेलने तो त्याच्या नाकावरून अलगद काढून घेतला, पर्समधल्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने आवळला आणि परत चढवला. कानामागे तिची बोटं क्षणभर थांबली… सैल नव्हतीच दांडी. दोघांनाही ठाऊक होतं.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात लॉरेल दर वर्षी काही तरी सोडायची. यंदा तिने गोड चहा सोडला. थॅडने पहिल्याच सोमवारी तिच्यासमोर बर्फाचा भला मोठा गोड चहा मागवला आणि डोळे मिटून घोट घेतला.

"येशूला भुलवताना सैतानाने वाळवंटात एवढं नव्हतं केलं," ती म्हणाली.

"त्याच्याकडे लिंबू नसेल."

पुढच्या सोमवारपासून मात्र तोही पाणीच पिऊ लागला. विचारलं तर म्हणाला, पोट बरं नाही. ईस्टरपर्यंत बरं नव्हतं त्याचं पोट.

आणि ईस्टरच्या आठवड्यात फोन आला. टेनेसीतल्या एका वृद्ध बाईंच्या माळ्यावर मूळचं रीळ सापडलं होतं. थॅडचा आवाज ऐकूनच लॉरेल खुर्चीत बसली.

"मी पाहिलं," थॅड म्हणाला. "तीन मिनिटं जास्तीची आहेत. पण तो परत येत नाही, लॉरेल. चिठ्ठी सरकवतो, फाटकापर्यंत जातो, एकदा वळून पाहतो, आणि काळोख. मग नावं सुरू होतात. खोटं सांगावंसं वाटलं. खूप वाटलं."

"नाही सांगितलंत, हे बरं केलंत," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

रोजच्यासारखं तिने बायबल उघडलं, स्तोत्र वाचलं, पण अक्षरं डोळ्यांवरून नुसतीच सरकली. बाबा म्हणजे थापाडे, असं का? नाही. आठ वर्षांचं पोर स्वप्नात काही पाहतं आणि… तिने पुस्तक मिटलं. आणि 'आमेन' म्हणता म्हणताच तिला एक आठवलं. बाबा कुठलाही कार्यक्रम संपला, की कुणाला उठू द्यायचे नाहीत. पडद्यावरचं शेवटचं नाव जाईपर्यंत बसायचं. आपल्यासाठी राबलेत ती माणसं, म्हणायचे, पाठ कसली दाखवता?

सकाळी तिने फोन लावला. "नावं संपेपर्यंत पाहिलंत?"

थॅड घुटमळला. रिळाचं शेपूट फार ठिसूळ झालं होतं, तुटेल म्हणून नावं सुरू होताच त्याने यंत्र थांबवलं होतं. आणि नावांत काय पाहायचं?

"तुटणार असेल, तर मी समोर असताना तुटू दे. शनिवारी येतेय," लॉरेल म्हणाली.

त्याच्या दुकानात भर दुपारी पडदे ओढून अंधार केला होता. मधे लाकडी टेबल, टेबलावर यंत्र, दोन बाजूंना दोघं. ठिसूळ टोकाला त्याने आदल्या दिवशी बसून जागोजागी ठिगळं लावली होती, त्याच्या बोटांना अजून गोंदाचा वास येत होता. यंत्र खरखरू लागलं. भिंतीवर डेलबर्ट वाकला, चिठ्ठी सरकवली, फाटकापर्यंत गेला, वळून पाहिलं. काळोख झाला. काळ्या पडद्यावर पांढरी नावं वर सरकू लागली, मागे गिटारची ओळखीची धून. सुतार, शिंपी, केशभूषाकार… लॉरेलने हात घट्ट मिटून घेतले. धून संपली. चार नावं उरली. तीन. खडीच्या वाटेवर चालण्याचा आवाज आला — जाणारा नव्हे, येणारा. पावलं थांबली.

टक. टक.

शेवटचं नाव वर निघून गेलं. रिळाचं टोक सुटून फटफट फिरू लागलं, तरी कुणी यंत्र बंद करायला उठेना. लॉरेलच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

"पाहिलं नव्हतं त्यांनी," ती म्हणाली. "ऐकलं होतं. सगळं गाव जेवायला उठलं होतं, आणि एक आठ वर्षांचं पोर तेवढं बसून राहिलं होतं."

थॅडने यंत्र बंद केलं. येत्या सप्टेंबरात हे रीळ तो स्वतः तळघरात लावणार होता, मिस युडोरांच्या पुस्तकातलं ते पान त्यांच्याच हाताने बदलून घेणार होता, आणि शेवटचं नाव जाईपर्यंत कुणालाही डम्पलिंगकडे फिरकू देणार नव्हता. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. मग दम संपला.

"दार उघडलं का, ते मात्र कळलं नाही," तो म्हणाला.

"तुला काय वाटतं?"

'तुला' हा शब्द त्याने ऐकला. चष्मा काढला, पुसायला घेतला, आणि न पुसताच खाली ठेवला. मग त्या अर्धवट अंधारात, दोघांच्या मधल्या लाकडी टेबलावर, त्याने बोटाच्या पेराने हलकेच वाजवलं. एकदा… आणि थोडं थांबून, पुन्हा एकदा.

लॉरेलने हात पुढे करून ते बोट मुठीत धरलं.

"डेलबर्टला सात वर्षं लागली," ती म्हणाली. "आणि तू चाळीस-चाळीस मैल गाडी हाकून पाणी पीत बसलास. वेड्या, दार सप्टेंबरातच उघडलं होतं. आपले हात तेवढे भरलेले होते."