पाण्यात न उतरलेलं पान

रसपारखी यंत्र आल्यापासून तोरणमाळच्या सरकारी वनस्पती-तपासणी केंद्रात उल्का वझे एकटीच उरली होती. यंत्रात पान ठेवायचं, वर द्रावक ओतायचं, की मिनिटभरात पडद्यावर आकडा: पेशींची झीज रोखणारी द्रव्यं, म्हणजे प्रतिऑक्सिडीकारकं, पानातून किती उतरली. एवढ्याशा कामाला चार माणसं कशाला? तिघांची बदली झाली. उल्का दिवसभर यंत्राशीच बोलायची, आणि ते मेलं आकड्याखेरीज काही बोलत नसे.

त्या आकड्यावर डोंगर राखायचा की फोडायचा ते ठरे. शून्य आलं, म्हणजे तिथल्या पानात औषध नाही; उतार खाणीला मोकळा.

भुरपानीच्या उतारावरच्या पानाला तिनंच शून्य दिलं होतं. सोमवारी तिथे सुरुंग लागणार होते. शुक्रवारी दुपारी खालच्या पाड्यावरची रेलीबाई पावरा केंद्राची पायरी चढून आली. माणूस आलं म्हणून उल्का इतकी हरखली, की चहात तिनं दोनदा साखर घातली.

"माझी आजारी नात भुरपानीच्या पानानं उठून बसली," रेलीबाई कप न उचलता म्हणाली. "तुझं यंत्र खोटं आहे."

"अहो, पाण्यात भिजवतो असं तुम्हीच सांगितलंत. मी पाण्यातच भिजवलं."

रेलीबाईनं कप बाजूला सारला. "मोहाच्या दारूत भिजवतो. तू सरकारी बाई. दारूचं नाव काढलं असतं, तर भट्टी फोडायला पोलीस आले असते."

 द्रावक बदललं की पानातून उतरणारं द्रव्यही बदलतं, हे कुणी उल्काला शिकवायला नको होतं. पण नियमावली म्हणत होती, लोक वापरतात तेच द्रावक घ्या. दुसरं काही ओतून बघायची तसदी तिनं घेतलीच नव्हती.

रेलीबाईनं पदराआडून बाटली काढली. यंत्रात पान भिजलं. आकडा चढला, आणि चढतच राहिला.

उल्कानं तिथल्या तिथे अहवाल मागे घेतला. तासाभरात वरून उत्तर आलं: सुरुंग थांबवले आहेत.

"बसा ना अजून थोडं," ती म्हणाली. तिला खरंच रडू येत होतं.

"तू कधी आमच्या ओट्यावर बसलीस?" रेलीबाईनं विचारलं, आणि ती उतरून गेली.

उल्कानं जुनी यादी उघडली. पाण्यात शून्य ठरलेली तीनशे बारा पानं. त्यांतल्या किती पानांबद्दल बायकांनी तिला खरं सांगितलं होतं? आणि आता विचारायला जायचं, तर डोंगरच फुटून गेलेल्या त्या पाड्यांवर दार उघडायला कोण उरलं असेल?