चौथ्या रांगेतली खरखर

पितेश्ती शहरातल्या बस-कारखान्यात इलिंकाचं काम बस उलटवायचं होतं, तेही संगणकात. रस्त्याकडेला कलंडणारी बस, आत पट्ट्यांनी बांधलेल्या माणसाएवढ्या बाहुल्या, आणि आदळताना प्रत्येकीच्या डोक्याला किती झटका बसतो त्याची एक रेषा. ही रेषा कधीच गुळगुळीत येत नाही. आकडेमोडीतूनच तिच्यावर बारीक काटे उगवतात. ऑफिसात सगळे त्याला खरखर म्हणत. खरखर गाळायची, रेषा साफ करायची, अहवाल पाठवायचा.

त्या हिवाळ्यात चौथ्या रांगेतल्या, खिडकीजवळच्या बाहुलीची रेषा काही केल्या साफ होईना. बस जमिनीला टेकण्याआधीच तिचं डोकं हललेलं दिसे. इलिंकानं गणितातले वेळेचे तुकडे आणखी बारीक करून पाहिले. नुसती खरखर असती तर तिचं रूप बदललं असतं. ते तसंच राहिलं. फक्त दर नव्या गणितात तो झटका थोडा आणखी आधी येऊ लागला.

शेजारच्या टेबलावरच्या सोरिनला तिनं ते दाखवलं.

"अगं, मार खाऊन खाऊन शहाणी झाली असेल," तो म्हणाला. "गाळून टाक आणि जेवायला चल."

तिनं गाळलं. त्याबरोबर रेषेचं सगळ्यांत उंच टोकही खाली आलं आणि सुरक्षिततेच्या मर्यादेच्या आत बसलं. ते बसणार हे तिला गाळण्याआधीच ठाऊक होतं.

उन्हाळ्यात, आर्जेश नदीच्या खोऱ्यातल्या एका वळणावर त्याच बनावटीची बस खरोखर कलंडली. बाकीचे खरचटण्यावर निभावले. चौथ्या रांगेत खिडकीशी बसलेली, पावाच्या दुकानात काम करणारी मिरुना तेवढी गेली.

मिरुनाच्या नावानं ठेवलेल्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला इलिंका तिच्या गावी गेली. बस-कारखान्यात काम करते, एवढंच तिनं सांगितलं. मिरुनाच्या आईनं, वियोरिकानं, तिच्यापुढं कोलिवाची बशी ठेवली. ते गोड शिजवलेले गहू इलिंका चमच्यानं नुसते चिवडत राहिली. माफी मागायला ती आली होती.

"बसची तिला कधी भीती नव्हती," वियोरिका आपणहून बोलू लागली. "हिवाळ्यात मात्र काय झालं होतं कोण जाणे. दुकानात उभ्या उभ्या मान झटकायची. कुणीतरी डोकं आपटल्यासारखं होतं, म्हणायची. डॉक्टरला काही सापडलं नाही. पुढं पुढं तर तिला आधीच कळायला लागलं, पोरी. खांदे वर घ्यायची, डोळे मिटायची, आणि उभी राहायची."

"मग?"

"मग थांबलं. फेब्रुवारीच्या अखेरीला, एकाएकी."

अहवाल फेब्रुवारीच्या अखेरीलाच गेला होता, आणि गणितंही तेव्हाच थांबली होती.

अपघातानंतर सगळं गणित नव्यानं करायचा हुकूम झाला होता. या खेपेला काहीही गाळायचं नाही, असं मनाशी ठरवून आज सकाळी निघतानाच तिनं ते संगणकावर पुन्हापुन्हा चालत राहील असं लावून ठेवलं होतं.

समोर मिरुनाची धाकटी बहीण दोइना पाहुण्यांच्या पेल्यांत त्सुइका दारू ओतत होती. तिनं बाटली खाली ठेवली. खांदे वर घेतले. डोळे मिटले. मान एकदा झटकली, आणि ती पुन्हा ओतू लागली.

"हिचंही आज सकाळपासून चाललंय," वियोरिका हळूच म्हणाली. "ताईची नक्कल करते म्हणून मी ओरडले."

इलिंका अंगणात आली. तिनं सोरिनला फोन लावला.

"माझं गणित बंद कर. आत्ता."

"आत्ता? बस अजून टेकायचीय. अर्ध्यातच तोडू?"

"तोड."

कळ दाबल्याचा आवाज आला.

"तोडलं. बस लटकलीय बघ तशीच, अधांतरी."

उघड्या दारातून तिला आतलं दिसत होतं. दोइना टेबलाशी उभी होती. आई तिला हाक मारत होती, मग दंडाला धरून हलवू लागली. पाहुणे एकेक करून तिकडं वळले.

दोइनाचे डोळे मिटलेलेच होते, आणि खांदे खाली आले नाहीत.