ह्याच मशीनचं लायसन्स

गेल्या उन्हाळ्यात दिशा हर्षलच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आली ती बंद पडलेला सीपीयू स्कूटीवर ओढणीने बांधून. "लाईट आली-गेली, अन् हे गपच झालं," ती म्हणाली. ओढणी सोडताना केसांतला मोगरा दरवळला... आणि त्याच्या हातातला स्क्रू घरंगळला, तो काही सापडला नाही.

मग श्रीरामपुरातल्या तिच्या टायपिंग सेंटरचं सारखं काही ना काही बिघडू लागलं. कधी माऊस, कधी नुसती वायर.

हर्षल शनिशिंगणापूरचा. ती चिडवायची, "तुमच्या गावात घराला कुलूप न्हाई म्हणे?"

"दारच न्हाई, तर कुलूप कशाला? आपलं ते कुठं जात न्हाई."

दिशाच्या बाबतीतही त्याने हेच धरलं होतं. जीव जडला, पण तोंड उघडलं नाही. जाणार कुठे ती?

आज ती नवा कॉम्प्युटर घ्यायला आली. त्याने विंडोजचा विषय मुद्दाम लांबवला. "दोन लायसन्स हायेत. स्वस्तातलं ह्याच मशीनचं. मशीन गेलं की तेबी गेलं. महागातलं उद्या नव्या मशीनवर नेता येतं. तुमी तेच घ्या... टाकून द्यायला मी हायेच की!"

"स्वस्तातलं द्या."

"अहो, पुढं पस्तावाल—"

"पुढं मी नसणार." ती काउंटरकडे बघत म्हणाली, "सेंटर दादा चालवणार. माझं लग्न ठरलंय. नाशिकला."

बैल गेला नि झोपा केला म्हणतात. ह्या गड्याने तर झोपाही केला नव्हता.

"कधी बोलला न्हाईत..."

"वर्षभर चांगल्या वायरी बदलून नेल्या मी! अजून काय बोलायचं होतं?" ती म्हणाली. "लई वाट बघितली. मग घरी हो म्हटलं."

"आता न्हाई म्हनता येईल की—"

"साखरपुडा झाला, हर्षल."

नुसत्या नावाने तिने त्याला पहिल्यांदाच हाक मारली. त्याने स्वस्तातलं लायसन्स टाकलं. त्याला ओरडून रडावंसं वाटत होतं.

बाहेर त्याने खोका स्कूटीवर ठेवला. तिने तीच ओढणी पुढे केली.

"नीट बांधा," ती म्हणाली. "सगळी गावं शिंगणापूर नसतात."

त्याने गाठ मारली, आणि सुटणार नाही ना, म्हणून पुन्हा ओढून पाहिली.