प्रॉब्लेम लिफ्टला आहे

भय वाटणे ही लज्जेची गोष्ट नव्हे. मात्र ते कोणासाठी वाटते, हे मनुष्याने एकदा तरी प्रामाणिकपणे पाहावे. शब्दकोशाच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका तरुणीवर तो प्रसंग भर दुपारी आला – तिसरा मजला आणि त्यावरचा शेवटचा मजला यांच्या मध्ये.

लिफ्ट थांबली. दिवा गेला. चिठ्ठ्यांचा डबा तिने एका हाताने छातीशी आवळून धरला. दुसऱ्या हाताची मूठ दारावर आपटली, हाका मारल्या आणि अखेर तिला रडू कोसळले.

थोड्या वेळाने डोक्यावर, लिफ्टच्या टपावर, पावले वाजली.

“मॅडम, मी लिफ्टचा मेकॅनिक. घाबरू नका. प्रॉब्लेम लिफ्टला आहे, तुम्हाला नाही.”

हुंदक्यातच तिला हसू फुटले. “हा शब्द... आज तरी नको होता हो!”

“का बरं?”

“डब्यात त्याच्याच चिठ्ठ्या आहेत. लोक तो कुठे कुठे वापरतात, ते जमवतेय. गणितातलं उदाहरण – प्रॉब्लेम. आजोबांचा गुडघा – प्रॉब्लेम. भांडण उकरायचं असलं की, ‘तुला काय प्रॉब्लेम आहे?’ जावई पितो हे सांगायचं नसलं की, ‘त्यांचा जरा प्रॉब्लेम आहे.’”

वर पान्याचा आवाज थांबला. “आणि लग्न जमत नसलं की?”

“तेही. आमच्या आईचं ते रोजचं वाक्य.”

“म्हणजे... अजून जमलेलं नाही?”

“तुम्ही आधी लिफ्टचं बघा!”

तो मोकळेपणाने हसला. त्या हसण्याने अंधार किंचित दूर सरकल्यासारखा वाटला...

तेवढ्यात तळमजल्यावरच्या रखवालदाराने, मदत व्हावी या सद्‌हेतूने, विजेचे मुख्य बटण चालू केले. लिफ्ट हिसका देऊन वर धावली. वर इमारतीचे छत होते. आणि छत व लिफ्ट यांच्यामध्ये तो. काहीतरी करकरत घासले. एक अर्धवट हाक – आणि लिफ्ट थबकली. मग काहीच ऐकू येईना.

“अहो!... अहो, बोला ना काहीतरी!”

इतका वेळ तिला दाबून धरणाऱ्या चारही भिंती कुठे गेल्या, तिला कळले नाही. डबा हातातून पडला. देवा, त्याला राख, एवढेच ती पुटपुटत होती. स्वतःसाठी काही मागायचे तिला सुचलेही नाही.

“आहे...” वरून धापा टाकत आवाज आला. “टपावरचं थांबवायचं बटण हाताला लागलं. वीतभर जागा उरलीय.”

दार उघडले तेव्हा त्याचे कोपर रक्ताळलेले होते आणि चेहरा पांढराफटक.

“चूक माझीच,” तो म्हणाला. “वर चढण्याआधी मुख्य बटण बंद करून त्याला कुलूप घालायचं असतं. पण जिन्यात तुमचं रडणं ऐकलं, आणि... पाय थांबलेच नाहीत.”

तिने त्याचे मनगट घट्ट धरले.

“मॅडम... हात.”

“सुटत नाहीये.”

“राहू दे मग.” तो क्षणभर घुटमळला. “पण हे माझं रोजचं काम आहे. रोज भ्याल?”

“भिईन,” ती म्हणाली. “तुम्ही मात्र रोज कुलूप घालायचं. मी रडत असले तरी.”

त्याने होकारार्थी मान हलवली.

परस्परांसाठी भिणाऱ्या या दोन जिवांना त्या दयाघनाने दीर्घायुष्य द्यावे, आणि प्रत्येक संध्याकाळी दोघांनाही सुखरूप घरी आणावे.